न्यूमोनियाच्या पेशंटची खाटेवरच फुफ्फुसांची सोनोग्राफी: पहिल्यांदा प्रोब धरणाऱ्यांसाठी

जुलै-ऑगस्टात गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडून निघालेला ताप-खोकल्याचा पेशंट कोल्हापुरात पोचेपर्यंत बऱ्याचदा रात्र झालेली असते. सॅच्युरेशन ८८, श्वास मिनिटाला ३२. त्याला एक्स-रे रूमपर्यंत न्यायचं तर सिलिंडर, ट्रॉली, वॉर्डातले मामा आणि एक नातेवाईक एवढी जमवाजमव करावी लागते, आणि आडवं झोपवलं की त्याचा दम आणखी वाढतो. अशा वेळी खाटेपाशी आणलेलं सोनोग्राफी मशीन दहा मिनिटांत बरंच सांगून जातं: कुठल्या बाजूला काय झालंय, फुफ्फुसाभोवती पाणी आहे का, आणि हे इन्फेक्शन वाटतंय की हृदय थकल्यामुळे साठलेलं पाणी. हा लेख इंटर्न, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट आणि आयसीयूत नव्यानं लागलेल्या डॉक्टरांसाठी आहे.

आधी हे डोक्यात बसवा

अल्ट्रासाऊंडच्या लहरी हवेतून पुढे जात नाहीत. निरोगी फुफ्फुस हवेनं भरलेलं असतं, म्हणून लहरी प्ल्युरापर्यंत, म्हणजे फुफ्फुसावरच्या पातळ आवरणापर्यंत, पोचतात आणि तिथूनच माघारी फिरतात. संत्र्याची साल दिसावी आणि आतल्या फोडी दिसू नयेत, तसं हे आहे. इन्फेक्शनमुळे सालीखालची हवा कमी होऊन तिथं पाणी, पू किंवा सूज आली की लहरींना वाट मिळते आणि आतलं दिसू लागतं. न्यूमोनिया बहुतेक वेळा कुठे ना कुठे सालीला येऊन टेकतो, म्हणूनच ही तपासणी उपयोगी पडते. हायलमजवळचा (श्वासनलिका आणि रक्तवाहिन्या फुफ्फुसात शिरतात तिथला), मध्यभागी राहिलेला न्यूमोनिया मात्र प्रोबला दिसत नाही, मग मशीन कितीही महागाचं असो. पुढची प्रत्येक पायरी आणि प्रत्येक फसगत या एका गोष्टीतून येते.

मशीन हलवण्याआधी

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा, छातीच्या तपासणीपुरता बाजूला राहत नाही. मशीन नोंदणीकृत असलं पाहिजे. पोर्टेबल मशीन नोंदणी झालेल्या जागेतच, भरती पेशंटसाठी वापरता येतं. दुसरी मुभा आहे ती फिरत्या वैद्यकीय पथकाला. ओळखीच्या दवाखान्यात 'जरा नेऊन बघू' म्हणून मशीन उचलून नेणं हा गुन्हा ठरू शकतो. तपासणी कोण करू शकतं याचेही नियम आहेत, म्हणून आपलं नाव आणि पात्रता विभागप्रमुखांकडून आधीच पक्की करून घ्या. पेशंट गरोदर असेल तर फॉर्म एफबद्दल (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची या कायद्याखालची नोंद) प्रोब लावण्याआधी विचारा. सोनोग्राफी मशीनवर नजर ठेवणाऱ्या 'सायलेंट ऑब्झर्व्हर' यंत्रणेचा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच झाला होता. इथं हा विषय हलक्यात घेतला जात नाही, आणि घेऊही नये.

बॅटरी बघा. पावसाळ्यात लाइट जाते आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत दोन-तीन मिनिटं हातची जातात.

प्रोबही तपासा. पडदा चालू ठेवून प्रोबच्या तोंडावर थेंबभर जेल लावा आणि सरळ केलेल्या पेपरक्लिपचं टोक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हळूहळू फिरवा. टोक जिथं टेकेल त्याच्या खाली पडद्यावर पांढरा पट्टा उमटतो आणि टोकाबरोबर सरकतो. मध्येच एखाद्या जागी पट्टा नाहीसा झाला तर तिथले क्रिस्टल गेलेत. हे माहीत नसेल तर तीच काळी उभी पट्टी तुम्ही बरगडीची सावली समजून बसाल. क्रिस्टल बहुधा प्रोब खाली पडल्यानं जातात, आणि केबल खराब होते ती ट्रॉलीचं चाक तिच्यावरून गेल्यानं.

प्रोब आणि सेटिंग

मोठ्या माणसासाठी कर्व्हिलिनियर प्रोब, २ ते ५ मेगाहर्ट्झ. नवख्यानं याच एका प्रोबवर हात बसवावा. प्ल्युरा बारकाईनं बघायचा असेल, पेशंट अगदी सडपातळ असेल किंवा लहान मूल असेल तर लिनियर घ्या. तालमीतल्या पैलवानाच्या छातीवर लिनियर लावून काही उपयोग नाही. छातीच्या आणि पाठीच्या स्नायूंचा थर एवढा जाड असतो की प्ल्युरा पडद्याच्या तळाशी जातो.

डेप्थ पुढच्या बाजूला १० ते १२ सेंमी, पाठीमागे आणि तळाशी १५ ते १८. फोकस प्ल्युरल लाइनवर आणा. प्रीसेट (मशीनमधली तयार सेटिंग) 'लंग' असेल तर तो, नसेल तर पोटाचा. पोटाच्या प्रीसेटमध्ये हार्मोनिक, कंपाउंड आणि चित्र गुळगुळीत करणारी सगळी फिल्टर बंद करा. ही सोय चित्रातला 'कचरा' पुसण्यासाठी असते, आणि फुफ्फुसात आपण वाचतो तो नेमका तोच कचरा. ए-लाइन आणि बी-लाइन म्हणजे लहरींच्या उलटसुलट परावर्तनातून उमटलेल्या खुणाच आहेत. बी-लाइन पुसट दिसतायत असं वाटलं की पहिल्यांदा ही बटणं तपासा. कार्डिॲक प्रीसेट टाळा. त्यात मार्करची (प्रोबच्या कडेवरच्या खुणेची) बाजू उलटी होते आणि डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, शोधताना गोंधळ उडतो.

पेशंटजवळ

'सोनोग्राफी' म्हटलं की पोटाची किंवा गरोदरपणाचीच, असं पेशंटना वाटतं. म्हणून आधी सांगा: "आज्जी, पोटाची न्हवं, छातीची तपासणी हाय. जेल गार लागंल, तेवढं सोसा." पडदा ओढा, बाई पेशंट असेल तर सिस्टरना जवळ थांबवा, आणि एका वेळी एकच बाजू उघडी ठेवा. ऑक्सिजनचा मास्क तपासणीसाठी काढायचा नाही.

डोक्याकडची बाजू तीस-चाळीस अंश वर असू द्या. हात डोक्यावर घेतला की बरगड्यांमधली फट रुंद होते. प्रोब पेन्सिलसारखा धरा आणि करंगळी पेशंटच्या अंगावर टेकवा. ती टेकली नाही तर प्रत्येक श्वासाला चित्र निसटतं. मार्कर डोक्याकडे. दाब अगदी कमी, विशेषतः बरगडीवर, कारण न्यूमोनियाच्या पेशंटची तीच बाजू आधीच दुखत असते.

पहिलं चित्र

प्रोब बरगड्यांना आडवा पडेल असा, म्हणजे शरीराच्या उभ्या दिशेत ठेवला की पडद्यावर दोन बरगड्या आणि त्यांच्याखाली दोन काळ्या सावल्या दिसतात. दोन्हींच्या मध्ये, बरगडीच्या वरच्या कडेपासून साधारण अर्धा सेंमी खाली, एक पांढरी ठळक रेघ असते. ही प्ल्युरल लाइन. बरगड्या म्हणजे पंख आणि मधली रेघ म्हणजे अंग, असं पसरलेल्या वटवाघळासारखं चित्र दिसतं. हे वटवाघूळ सापडल्याशिवाय पुढे काहीही वाचू नका. बरगड्या दिसत नसताना स्नायूंच्या पडद्याला प्ल्युरा समजणं ही नवख्याची सगळ्यात नेहमीची चूक.

रेघ सापडली की प्रोब हलकेच डुलवा. रेघ सगळ्यात चकचकीत दिसते तेव्हा लहरी तिच्यावर काटकोनात पडत असतात. आता हात स्थिर ठेवा आणि एक पूर्ण श्वास नुसतं बघत राहा. रेघेवर बारीक चमचम इकडून तिकडे सरकते, जणू मुंग्यांची रांग चाललीये. हे स्लायडिंग. ते दिसलं तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर, प्ल्युरात साठलेली हवा) नाही.

बारा जागा

प्रत्येक बाजूला सहा. पुढे वर आणि खाली, बाजूला वर आणि खाली, मागे वर आणि खाली. पुढचा भाग स्टर्नमपासून (छातीच्या मधल्या हाडापासून) पुढच्या ॲक्सिलरी रेषेपर्यंत (काखेच्या पुढच्या कडेवरून खाली येणाऱ्या रेषेपर्यंत), बाजूचा तिथून मागच्या ॲक्सिलरी रेषेपर्यंत, आणि त्यामागे पाठ. क्रम रोज तोच ठेवा: उजवीकडून सुरू, डावीकडे शेवट. प्रत्येक जागी चार ते सहा सेकंदांची क्लिप, स्थिर फोटो नव्हे, कारण स्लायडिंग आणि हलणारी हवा फोटोत उमटत नाही.

पाठीचा भाग सोडू नका. झोपून राहणाऱ्या पेशंटचा न्यूमोनिया आणि पाणी, दोन्ही मागे-खाली जमतं. पुढून आठ जागा स्वच्छ मिळाल्या म्हणून 'नॉर्मल' लिहिणं म्हणजे घराचं पुढचं अंगण बघून परडं कोरडं आहे असं सांगणं. पेशंट बसू शकत असेल तर बसवा आणि विरुद्ध खांद्यावर हात ठेवायला सांगा. खांद्याचं पातं बाजूला सरकतं आणि त्यामागचं थोडं फुफ्फुस मोकळं होतं. व्हेंटिलेटरवरचा पेशंट असेल तर मामांच्या मदतीनं खांदा आणि कंबर थोडी उचला, प्रोब मागच्या ॲक्सिलरी रेषेच्या पलीकडे जेवढा मागे नेता येईल तेवढा नेऊन गादीत दाबा आणि त्याचं तोंड छताकडे वळवा. गादीमुळे हात अवघडतो. तरीही ही जागा घ्यायचीच.

तळाची जागा बघताना आधी डायफ्रॅम ओळखा. उजवीकडे खाली लिव्हर, डावीकडे प्लीहा, त्यावर पांढरी वक्र रेघ, आणि श्वास घेताना फुफ्फुसाची हवा पडद्यासारखी खाली उतरून लिव्हरला झाकते. डायफ्रॅमच्या वर काय आहे आणि खाली काय आहे हे ठरवल्याशिवाय सुई हातात घेऊ नये.

काय दिसलं तर काय समजायचं

ए-लाइन: प्ल्युरल लाइनच्या खाली, त्वचेपासून प्ल्युरापर्यंत जेवढं अंतर तेवढ्याच अंतरानं उमटणाऱ्या आडव्या रेघा. स्लायडिंगसह दिसल्या तर त्या जागेची साल बरी आहे.

बी-लाइन: प्ल्युरापासून निघून पडद्याच्या तळापर्यंत न विझता जाणारा, टॉर्चच्या झोतासारखा उभा पट्टा. प्ल्युराबरोबर सरकतो आणि ए-लाइन पुसून टाकतो. एका फटीत दोनपर्यंत चालतात, विशेषतः तळाला. तीन किंवा जास्त असतील तर सालीखाली ओल आहे. मध्येच विझणारे आखूड पट्टे मोजायचे नाहीत.

खरी विचार करायची जागा इथं आहे. बी-लाइन ओल सांगते, ओल कशाची ते सांगत नाही. पाणी, पू आणि रक्त तिला सारखेच. म्हणून मांडणी बघा. दोन्ही बाजूंना सारख्या, खाली जास्त आणि वर कमी, प्ल्युरा बारीक आणि गुळगुळीत, जोडीला दोन्हीकडे पाणी, असं असेल तर हृदयाकडे लक्ष द्या. एकाच बाजूला किंवा ठिगळासारख्या, मध्ये पूर्ण चांगल्या जागा, प्ल्युरा जाड आणि खडबडीत, त्याला चिकटून लहान काळसर खड्डे, असं असेल तर इन्फेक्शन. दोन्ही बाजूंना अशी ठिगळं विषाणूच्या न्यूमोनियात दिसतात. पावसाळ्यात भातलावणी करून आलेल्या, डोळे पिवळे झालेल्या, लघवी कमी झालेल्या माणसाला दोन्हीकडे दाट बी-लाइन दिसल्या तर लेप्टोमधला (लेप्टोस्पायरोसिसमधला) फुफ्फुसातला रक्तस्राव लक्षात ठेवा आणि प्लेटलेट, क्रिएटिनिन लगेच पाठवा.

धंदाही विचारा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वीस वर्षं वाळूत काम केलेल्या माणसाला सिलिकोसिस (वाळूच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार) असू शकतो, आणि फायब्रोसिसच्या, म्हणजे निबर झालेल्या फुफ्फुसाच्या, बी-लाइन बारा महिने तशाच राहतात. जुन्या टीबीच्या जागीही प्ल्युरा खडबडीत असतो. आज दिसलेलं सगळं आजचंच आहे असं धरून चालू नका.

कन्सॉलिडेशन: हवा पूर्ण गेली की फुफ्फुस लिव्हरसारखं भरीव दिसतं. त्याची खोलवरची कड फाटक्या कापडासारखी वेडीवाकडी असते. आत पांढरे ठिपके किंवा फांद्या दिसतात, ती श्वासनलिकांतली हवा, म्हणजेच एअर ब्रॉंकोग्राम. श्वास घेताना हे ठिपके पुढे सरकत, चमकत असतील तर नळी उघडी आहे आणि हा न्यूमोनिया असण्याची शक्यता जास्त. ठिपके स्थिर असतील तर नळी बंद होऊन बसलेलं फुफ्फुस असू शकतं; पण स्थिर आहेत एवढ्यावरून न्यूमोनिया नाही असं म्हणता येत नाही. पाय सुजलेल्या, छातीत टोचणाऱ्या पेशंटला प्ल्युराला चिकटून छोटा त्रिकोणी डाग दिसला तर एम्बोलिझमचा (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेल्या गुठळीचा) विचार करा.

पाणी: डायफ्रॅमच्या वर काळी जागा, त्यात तरंगणारं फुफ्फुस. फुफ्फुसाच्या हवेमागे मणके दिसत नाहीत. डायफ्रॅमच्या वरही मणक्यांची रांग चालूच राहिली तर मध्ये पाणी किंवा भरीव फुफ्फुस आहे. उताण्या, डोकं १५ अंश वर असलेल्या पेशंटला मागच्या ॲक्सिलरी रेषेवर, तळाशी, श्वास सोडून झाल्यावर दोन प्ल्युरांमधलं जास्तीत जास्त अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि २० नं गुणा. साधारण तेवढे मिली पाणी. अंदाज म्हणूनच घ्या, हा हिशोब व्हेंटिलेटरवरच्या पेशंटवर बसवलेला आहे. पाण्यात जाळी, पडदे किंवा घुसळल्यासारखे कण दिसले तर पू झाल्याची शंका घ्या आणि त्याच रात्री सीनियरना फोन करा. जाळी सोनोग्राफीत सीटी स्कॅनपेक्षा चांगली दिसते. असा पेशंट नुसत्या अँटिबायोटिकवर सकाळपर्यंत थांबवू नये.

फसगत होते ती इथं

स्लायडिंग दिसलं नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स, असं नाही. न्यूमोनियात प्ल्युरा चिकटतो, मोठी बुला (फुफ्फुसातला हवेचा फुगा) असते, श्वासाची ट्यूब एकाच बाजूच्या फुफ्फुसात गेलेली असते. त्याच जागी बी-लाइन किंवा हृदयाच्या ठोक्याबरोबर प्ल्युराचं थरथरणं दिसलं तर तिथं न्यूमोथोरॅक्स नाही. स्लायडिंग कुठे आहे आणि कुठे संपतं ती सीमारेषा सापडली तर मात्र निदान पक्कं.

डावीकडे तळाशी जठरातलं अन्न आणि हवा हुबेहूब कन्सॉलिडेशनसारखी दिसते. डायफ्रॅम शोधा, ती त्याच्या खाली आहे हे कळेल. उजवीकडे डायफ्रॅमच्या वर लिव्हरचं प्रतिबिंब पडतं. त्यात हलणारी हवा नसते आणि मणक्यांची रांगही दिसत नाही. लहान मुलांत स्टर्नमच्या दोन्ही बाजूंना वर थायमस ही ग्रंथी असते. तिची कड गुळगुळीत आणि आत सारखे बारीक ठिपके, हा न्यूमोनिया नव्हे. मुलांत एक सेंमीपेक्षा लहान डाग विषाणूच्या खोकल्यातही दिसतात. तेवढ्यावरून अँटिबायोटिक चढवू नका. त्वचेखाली हवा पसरली असेल तर बरगड्याच दिसत नाहीत, उभे पट्टे मात्र दिसतात. वटवाघूळ नाही म्हणजे ते पट्टे बी-लाइन नाहीत.

आणि टीबी. दोन आठवड्यांचा खोकला, वजन घटलेलं, रात्रीचा घाम असेल तर सोनोग्राफी स्वच्छ असली तरी थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि एक्स-रे झालाच पाहिजे. टीबी नाही असं प्रोब सांगू शकत नाही.

नोंद

'न्यूमोनिया दिसतो' एवढंच लिहू नका. असं लिहा: "उजवीकडे मागे-खाली ५ सेंमी कन्सॉलिडेशन, हलणारे एअर ब्रॉंकोग्राम, त्याच जागी साधं पाणी १५ मिमी, अंदाजे ३०० मिली. उजवीकडे बाजूला-खाली सुट्या बी-लाइन ४. बाकी १० जागी ए-लाइन, स्लायडिंग आहे." वेळ, ऑक्सिजन किती चालू होता आणि पेशंट बसलेला की झोपलेला, हेही. सगळ्या जागा घेता आल्या नाहीत तर कोणत्या राहिल्या ते लिहा.

गुण द्यायची पद्धत असेल तर प्रत्येक जागेला ० ते ३: ए-लाइन किंवा दोनपर्यंत बी-लाइन ०, तीन किंवा जास्त सुट्या बी-लाइन १, एकमेकींत मिसळलेल्या २, कन्सॉलिडेशन ३. एकूण ३६ पैकी. वरच्या पेशंटचे ४ होतात. एका लोबच्या न्यूमोनियाचा पेशंट ४ गुणांवरही अत्यवस्थ असू शकतो, म्हणून हा आकडा आजार किती गंभीर हे ठरवायला वापरू नका. दोन्हीकडे पसरलेल्या आजारात कालच्यापेक्षा आज काय, हे बघायला तो चांगला आहे.

पुन्हा तपासणी त्याच जागांवर, त्याच स्थितीत, ४८ ते ७२ तासांनी. पेशंट बिघडला तर लगेच. कन्सॉलिडेशन बरं होताना आधी त्यात हवेचे ठिपके वाढतात, मग ते मिसळलेल्या बी-लाइनमध्ये बदलतं, मग सुट्या बी-लाइन राहतात. डायलिसिसनंतर बी-लाइन काही तासांत जातात, न्यूमोनियाच्या जात नाहीत. ताप उतरला, सॅच्युरेशन सुधारलं आणि चित्र तसंच आहे म्हणून औषध बदलायची घाई करू नका.

प्रोब ठेवण्याआधी

कोरड्या टिश्यूनं जेल पूर्ण पुसा. जेल राहिलं तर त्याच्याखाली औषध पोचत नाही. मग मशीनच्या पुस्तिकेत दिलेला वाइप वापरा आणि त्यावर लिहिलेला वेळ प्रोब ओला राहू द्या. स्पिरिटनं बऱ्याच प्रोबचं रबर कडक होऊन तडकतं, म्हणून वॉर्डातला स्पिरिटचा बोळा फिरवू नका. केबल आणि ज्या बटणांना हात लागला तीही पुसा. रक्त किंवा पू लागला असेल तर साधा वाइप पुरत नाही, तिथं वरच्या दर्जाचं निर्जंतुकीकरण लागतं.

जेलची बाटली संपली की टाकून द्यायची, डब्यातून पुन्हा भरायची नाही. दूषित जेलमधून बुरखोल्डेरियासारखे जंतू पेशंटमध्ये पसरल्याच्या नोंदी आहेत. बाटलीचं तोंड पेशंटच्या अंगाला किंवा प्रोबला टेकवू नका. आयसोलेशनमधल्या पेशंटला एकदाच वापरायचं पाकीट. सुई टोचायची असेल तर निर्जंतुक जेल आणि निर्जंतुक कव्हर.

प्रोब स्टँडमध्ये, केबल सैल गुंडाळून हुकवर, जमिनीला न लागेल अशी. मशीन चार्जिंगला लावा आणि प्लगचा दिवा लागलाय का ते बघून मगच निघा.